पाठीवरचा ३: फुटीचा सार्वकालिक संघ नंबरांवरून निवडायचा झाला तर

१९९६ साली ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या मुख्य लीगने आपली शंभरी साजरी केली आणि त्या निमित्ताने ‘शतकाचा संघ’ जाहीर केला. सेंटर हाफ-बॅकच्या जागी टेड व्हिटन, तोच कप्तान. हाफ-फॉरवर्ड फ्लँकवर डिक रेनल्ड्स. फॉरवर्ड पॉकेटमध्ये ली मॅथ्यूज. एक फुट्सक्रे क्लबचा, एक एसेंडनचा, एक हॉथॉर्नचा. रेनल्ड्स १९३३ मध्ये खेळायला लागला, मॅथ्यूज १९८५ मध्ये थांबला. मध्ये पन्नासएक वर्षं. तिघांत सारखी गोष्ट एकच: तिघांच्याही पाठीवर ३ हा आकडा होता.

आता समजा, कुणी नियम घातला की संघ सार्वकालिक सर्वोत्तमच हवा, पण एका नंबरचा एकच खेळाडू घ्यायचा. म्हणजे या तिघांतला एकच राहणार आणि शतकाच्या संघातले दोघे घरी जाणार. ते का जाणार आणि कुणी जावं, हाच या लेखाचा विषय. आपल्याकडे ‘आजवरचा सर्वोत्तम मुंबई रणजी संघ’ काढताना जो वाद रंगतो, तसाच हा वाद. फक्त त्यात एक आडमुठी अट जास्तीची आहे. त्या अटीने सगळा हिशोबच बदलतो.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढच्या दोन परिच्छेदांवरून नजर फिरवली तरी चालेल.

ऑस्ट्रेलियात या खेळाला लोक ‘फुटी’ म्हणतात. मैदान लंबगोल, बहुतेक ठिकाणी क्रिकेटचंच. चेंडूही लंबगोल. एका बाजूचे अठरा जण मैदानात असतात आणि बदलीचे खेळाडू बाकावर. चेंडू हातात घेऊन पळता येतं, लाथेने मारता येतो, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने साथीदाराकडे ढकलता येतो. फेकता मात्र येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने मारलेला चेंडू गेला की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर १ गुण. किमान पंधरा मीटरवरून लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलला तर तो ‘मार्क’, आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायची संधी मिळते. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघे रोवून, उंच उडून घेतलेला मार्क हे या खेळाचं सगळ्यात देखणं दृश्य.

अठरा जागा मांडायच्या त्या तिघा-तिघांच्या सहा ओळींत. आपल्या गोलाजवळ फुल-बॅक आणि दोन बॅक पॉकेट. त्यापुढे सेंटर हाफ-बॅक आणि दोन फ्लँक. मग मधली ओळ: सेंटर आणि दोन विंग. मग सेंटर हाफ-फॉरवर्ड आणि त्याचे दोन फ्लँक. शेवटी फुल-फॉरवर्ड आणि दोन फॉरवर्ड पॉकेट. उरलेले तिघे चेंडूमागे सगळीकडे फिरणारे: रकमन, रक-रोव्हर आणि रोव्हर. पंचाने चेंडू वर उडवला की दोन्ही बाजूंचे उंचाडे उडी मारून तो आपल्या माणसाकडे टोलवतात, ते रकमन. आजच्या खेळात या जागा पूर्वीइतक्या पक्क्या राहिलेल्या नाहीत, पण सार्वकालिक संघ कागदावर मांडायचा म्हटलं की सगळे याच जुन्या तक्त्याकडे वळतात.

तर, नंबर. रग्बीत नंबर म्हणजे जागा: १० पाहिला की तो फ्लाय-हाफ. फुटीत तसं काहीच नाही. नंबर हे निव्वळ नाव. १९१२ पासून व्हिक्टोरियन लीगमध्ये (मेलबर्नची ही लीगच पुढे देशाची मुख्य लीग झाली) खेळाडू नियमितपणे नंबर घालू लागले आणि त्याच वर्षी ‘फुटबॉल रेकॉर्ड’ हे मैदानाबाहेर विकलं जाणारं पत्रक सुरू झालं. नंबर पाहायचा, पत्रकात शोधायचा, नाव कळायचं. एवढ्या साध्या सोयीसाठी आलेल्या आकड्याला पुढे घराण्याच्या गादीसारखं वजन येईल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

हा नंबर ज्याच्या पाठीवर असतो त्या खेळाडूच्या सदऱ्याला फुटीत जंपर म्हणतात. हा शब्द आपल्याला लोकरी स्वेटरची आठवण करून देतो, आणि सुरुवातीचे जंपर खरंच लोकरीचे असत. आता तो बहुधा बिनबाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा असतो. नाव मात्र जुनंच.

नंबर हा जागेचा नसतो, पण तो चिठ्ठी टाकूनही दिला जात नाही. क्लबमध्ये चाळीस-पंचेचाळीस जण असतात. नवं पोर आलं की त्याच्या वाट्याला उरलेला, म्हणजे बहुधा मोठा आकडा येतो. पोर चमकलं आणि लहान आकड्याचा कुणी ज्येष्ठ निवृत्त झाला, की त्याला तो देऊ केला जातो. रिचमंडचा डस्टिन मार्टिन पहिल्या वर्षी, २०१० मध्ये, ३६ घालून खेळला. दुसऱ्या वर्षापासून ४. ज्या आकड्यात रॉईस हार्टने रिचमंडचं सेंटर हाफ-फॉरवर्ड गाजवलं तोच हा ४. मार्टिनने पुढे २०१७, २०१९ आणि २०२० अशा तीन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक मिळवलं.

याचा परिणाम काय? गुणी माणसं मोठ्या आकड्यांकडून लहान आकड्यांकडे सरकत राहतात. शंभर वर्षं हेच चाललं तर १ ते १० या आकड्यांत दिग्गजांची चेंगराचेंगरी होणारच, आणि चाळिशीपुढे नावं आठवायला डोकं खाजवावं लागणार. मोठ्या आकड्यात एखादा अस्सल तारा दिसला, तर समजावं की त्याने लहान आकडा घेतला नाही किंवा त्याला तो मिळाला नाही. सिडनीचा ॲडम गूड्स ३७, दोन ब्राउनलो पदकं आणि ३७२ सामने. कॉलिंगवुडचा डेन स्वान ३६. ब्रिस्बेनचा नायजेल लॅपिन ४४, आणि जिलाँगचा कोरी एनराइटही ४४. अशांमुळे हा खेळ रंगतो. नाहीतर सगळा संघ पहिल्या दहांतच उरकला असता.

ब्राउनलो पदकाचा उल्लेख पुढे वारंवार येईल, म्हणून इथेच सांगतो. १९२४ पासून हे दिलं जातं. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानातले पंच तिघा खेळाडूंना ३, २, १ मतं देतात. हंगामाअखेर ज्याची मतं जास्त त्याला पदक. पंच चेंडूच्या जवळ असतात, म्हणून मधल्या फळीतले त्यांना जास्त दिसतात. फुल-बॅक आणि फुल-फॉरवर्डवर या मोजमापात अन्याय होतो. एसेंडनचा जॉन कोलमन, ज्याने ९८ सामन्यांत ५३७ गोल केले, त्याच्या नावावर ब्राउनलो नाही. त्यामुळे पदकं मोजून संघ काढायला जाऊ नये.

आता भांडणाकडे येऊ.

३ नंबरची गर्दी आधी पाहिली, पण ती तिघांवर थांबत नाही. रेनल्ड्सची तीन ब्राउनलो पदकं (१९३४, १९३७, १९३८). व्हिटनचे ३२१ सामने. मॅथ्यूजचे ३३२ सामने आणि ९१५ गोल, तेही बहुतांश काळ फुल-फॉरवर्ड नसताना. त्यांच्यामागे ब्रिस्बेनला २००१, २००२, २००३ असं सलग तीनदा जिंकवणारा कप्तान मायकल वॉस. वेस्ट कोस्टचा ख्रिस जड, २००४ चा ब्राउनलो विजेता. आणि बुलडॉग्जचा ख्रिस ग्रँट.

५ नंबर पाहिला की मात्र ३ वाल्यांचा आवाज जरा खाली येतो. जिलाँगचा ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर, ज्याने हाताने चेंडू देणं हे अडचणीतून सुटण्याचं साधन न ठेवता हल्ल्याचं हत्यार केलं. त्याच जिलाँगचा गॅरी ॲब्लेट थोरला: १९८९ च्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघाकडून नऊ गोल आणि तरी सामन्याचा सर्वोत्तम. एसेंडनचा जेम्स हर्ड. कॉलिंगवुडचा नेथन बकली. हॉथॉर्नचा सॅम मिचेल. आणि पुन्हा ख्रिस जड! कारण वेस्ट कोस्ट सोडून कार्लटनला गेल्यावर त्याने ५ घातला आणि २०१० मध्ये दुसरं ब्राउनलो त्याच आकड्यात जिंकलं.

५ मध्ये आणखी एक नाव आहे, आकडेवारीत न मावणारं. हॉथॉर्नचा छोटेखानी रोव्हर पीटर क्रिमिन्स. कर्करोगाच्या उपचारांतून सावरत असताना १९७५ च्या अंतिम सामन्यासाठी त्याला घेतलं नाही आणि हॉथॉर्न हरलं. पुढच्या वर्षी हॉथॉर्न जिंकलं तेव्हा तो इतका आजारी होता की मैदानावर येणं शक्य नव्हतं. खेळाडू त्या रात्री कप घेऊन त्याच्या घरी गेले. तीन दिवसांनी तो गेला. क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला आजही क्रिमिन्सच्या नावाचं पदक मिळतं. संघ निवडताना मी त्याला घेणार नाही, पण ५ नंबरची चर्चा त्याच्याशिवाय करायची हेही पटत नाही.

जडमुळे पहिला नियम ठरवावा लागतो: ज्याने दोन आकडे घातले, त्याला कुठे मोजायचं? तीन मार्ग आहेत. ज्या आकड्यात जास्त सामने, तो धरायचा. जडच्या बाबतीत वेस्ट कोस्टला १३४ आणि कार्लटनला १४५, म्हणजे थोडक्यात ५ जिंकतो. किंवा ज्या आकड्यात त्याचा खेळ शिखरावर होता, तो धरायचा. मग वाद संपता संपत नाही. किंवा दोन्ही आकड्यांत त्याला उभं राहू द्यायचं, पण प्रत्येकात फक्त त्या आकड्यातली कामगिरी मोजायची. मला तिसरा मार्ग आवडतो. मात्र संघात माणूस एकदाच येईल हे उघड आहे.

या नियमाची खरी परीक्षा गॅरी ॲब्लेट धाकट्यावर होते. जिलाँगला २९ घालून १९२ सामने आणि २००९ चं ब्राउनलो. मग गोल्ड कोस्टला ९ घालून ११० सामने आणि २०१३ चं ब्राउनलो. मग पुन्हा जिलाँगला, या वेळी ४ घालून ५५ सामने. एका माणसाचे तीन तुकडे. २९ मध्ये त्याच्यासमोर कोण उभं आहे बघा: रिचमंडचा केव्हिन बार्टलेट, ४०० सामन्यांचा टप्पा गाठणारा पहिला, एकूण ४०३. नॉर्थ मेलबर्नचा ब्रेंट हार्वी, जो २०१६ मध्ये ४३२ सामन्यांच्या विक्रमावर थांबला. फ्रीमँटलचा मॅथ्यू पाव्लिच, बरोबर ७०० गोल. आणि ९ मध्ये गेलात तर तिथेही सुटका नाही. २०१२ ते २०२४ या काळात ९ नंबरच्या पाठीवर सहा ब्राउनलो पदकं गेली: ट्रेंट कॉचिन (२०१२), ॲब्लेट (२०१३), ब्रिस्बेनचा लॅकी नील (२०२० आणि २०२३) आणि कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स (२०२२ आणि २०२४). कॉचिनचं २०१२ चं पदक त्याला आणि सॅम मिचेलला चार वर्षांनी मिळालं, कारण मूळ विजेता जोब वॉटसन याने एसेंडनच्या बंदी असलेल्या औषधांच्या प्रकरणानंतर ते परत केलं होतं. एका हंगामातला ९ आणि ५ यांचा असा उशिरा लागलेला निकाल!

दुसरा नियम लीगचा. फुटी ही फक्त मेलबर्नची नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या आपापल्या लीग होत्या, आणि तिथले काही दिग्गज मोठ्या लीगकडे फारसे फिरकलेच नाहीत. पोर्ट ॲडलेडचा रसेल एबर्ट, पाठीवर ७, चार वेळा मॅगरी पदक, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगचं ब्राउनलो. व्हिक्टोरियात तो फक्त १९७९ चा एक हंगाम खेळला. त्याला मोजलं तर ७ मध्ये फिट्झरॉयच्या हेडन बंटनला (ब्राउनलो १९३१, १९३२, १९३५) तोडीस तोड मिळतो. मोजला नाही तर बंटन आरामात. माझ्या मते मोजावाच, नाहीतर ‘सार्वकालिक सर्वोत्तम’ या शब्दांचा अर्थ ‘मेलबर्नच्या ट्रामने जाता येईल तेवढ्यातले सर्वोत्तम’ एवढाच उरतो. ७ मध्ये आणखी एक आहे: सेंट किल्डाचा निकी विनमार. १९९३ मध्ये कॉलिंगवुडच्या मैदानावर दिवसभर वंशद्वेषी शिव्या ऐकल्यावर त्याने सामना जिंकून प्रेक्षकांकडे तोंड केलं, जंपर वर उचलला आणि आपल्या कातडीकडे बोट दाखवलं. सार्वकालिक संघात तो बसेल की नाही ठाऊक नाही, पण एखाद्याने जंपर उचलल्याचं सगळ्यात लक्षात राहिलेलं चित्र तेच.

महिलांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली. तिला धरायचं का? धरलं तर १३ नंबरचा प्रश्न सुटतो. अशुभ मानल्या गेलेल्या या आकड्यात पुरुषांची नावं तुलनेने कमी, आणि ॲडलेडची एरिन फिलिप्स १३ घालून तीनदा विजेती आणि २०१७, २०१९ अशी दोनदा लीगची सर्वोत्तम. मी तिला घेतलं आहे.

आता या सगळ्यात दडलेलं गणित. लोक सहसा असं करतात: १ घेतला, त्यातला सर्वोत्तम लिहिला; २ घेतला, त्यातला सर्वोत्तम लिहिला; असं बावीसपर्यंत. अठरा मैदानात, चार बाकावर. यादी देखणी होते, पण तो संघ होत नाही. कारण मग तुमच्याकडे पाच फुल-फॉरवर्ड, आठ सेंटर आणि शून्य बॅक पॉकेट येतात.

एक छोटं उदाहरण. आकडे तीन: ४, १०, १८. जागा तीन: फुल-फॉरवर्ड, सेंटर हाफ-फॉरवर्ड, मधल्या फळीतला एक. मी माझ्या मनाने दहापैकी गुण देतो. तुम्ही तुमचे द्या.

४ मध्ये टोनी लॉकेट आहे, सेंट किल्डा आणि सिडनीचा, १३६० गोल, इतिहासात सर्वाधिक. फुल-फॉरवर्ड म्हणून १०. पण ४ मध्येच हार्टही आहे, सेंटर हाफ-फॉरवर्ड म्हणून ९, आणि मार्टिन, मधल्या फळीत ९. १० मध्ये कोलमन, फुल-फॉरवर्ड म्हणून १०. आणि कॉलिंगवुडचा स्कॉट पेंडलबरी, मधल्या फळीत ८. १८ मध्ये नॉर्थचा वेन कॅरी, सेंटर हाफ-फॉरवर्ड म्हणून १०. एसेंडनचा मॅथ्यू लॉईड, फुल-फॉरवर्ड म्हणून ७. आणि २०१५ चं ब्राउनलो जिंकलेला फ्रीमँटलचा नॅट फाइफ, मधल्या फळीत ८.

लॉकेटपासून सुरुवात केली, आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यापासून करायला कुणालाही आवडेल, तर कोलमन फुकट जातो. १० मधून पेंडलबरी घ्यावा लागतो, १८ मधून कॅरी. बेरीज १० + ८ + १० = २८. आता उलटं करा. कोलमनला फुल-फॉरवर्ड ठेवा, कॅरीला सेंटर हाफ-फॉरवर्ड आणि ४ मधून मार्टिनला मधल्या फळीत. १० + १० + ९ = २९. संघ सुधारला, आणि तो सुधारला कुणाला वगळून? इतिहासातल्या सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला.

लग्नघरात कामं वाटताना जाणती बाई हेच करते. ज्या आत्याला फक्त मसालेभातच जमतो तिला आधी मसालेभातावर बसवायचं. ज्या मामाला वाढप, हिशोब, पाहुण्यांची सोय सगळंच जमतं, त्याला शेवटी ठेवायचं आणि जे काम उरेल तिथे पाठवायचं. मामा सगळ्यांत हुशार म्हणून त्याला त्याचं आवडतं काम पहिल्यांदा देऊन टाकलं तर मसालेभात राहून जातो. ४ हा आकडा मामा आहे, १० आणि १८ आत्या आहेत. गणितात याला वाटपाचा प्रश्न म्हणतात. १९५५ मध्ये हॅरल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने तो नेमका सोडवण्याची रीत मांडली. दोन हंगेरियन गणितज्ञांच्या जुन्या कामावर ती उभी असल्याने तिला हंगेरियन पद्धत म्हणतात. बावीस आकडे आणि बावीस जागांची जुळणी हाताने तपासत बसलात तर जन्म जाईल, संगणक ती क्षणात करतो. गुण कुणी द्यायचे हे भांडण मात्र संगणक सोडवत नाही.

आणि गुण देताना काळाचं काय करायचं, हा सगळ्यात चिवट प्रश्न. कोलमनची सरासरी सामन्याला जवळपास साडेपाच गोल. लान्स फ्रँकलिनची तीनच्या आसपास. म्हणून फ्रँकलिन कमी ठरतो का? फ्रँकलिनच्या काळात बचाव करणारे सगळे मागे येऊन गर्दी करतात, एकट्या फुल-फॉरवर्डला मोकळी जागा मिळत नाही. एका हंगामात शंभर गोल त्यानेच २००८ मध्ये शेवटचे केले. त्यानंतर कुणालाच जमलेलं नाही. म्हणून मी आकड्यांची तुलना त्या-त्या काळातल्या इतरांशी करतो, दोन काळांची एकमेकांशी नाही. आपल्या काळातल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या माणसापेक्षा हा किती पुढे होता, एवढंच बघायचं. या मापाने कोलमन टिकतो, फ्रँकलिनही टिकतो. फ्रँकलिनचा आकडा २३ आणि तिथे त्याच्यासमोर हॉथॉर्नचेच डॉन स्कॉट आणि डर्मट ब्रेरेटन, शिवाय ॲडलेडचा अँड्र्यू मॅकलाउड, ज्याला १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन नॉर्म स्मिथ पदकं मिळाली. हॉथॉर्नचा २३ म्हणजे एकाच क्लबमध्ये वारशाने चालत आलेला आकडा.

वारसा म्हटला की कार्लटनचा १ आठवतो: आजोबा सर्जियो सिल्व्हाग्नी, बाप स्टीफन, मुलगा जॅक, तिघेही त्याच आकड्यात. कॉलिंगवुडचा ३५: बाप पीटर डेकॉस आणि आता मुलगा निक. त्यांच्याशी झुंजायला सेंट किल्डाचा रॉबर्ट हार्वी (ब्राउनलो १९९७, १९९८) आणि जिलाँगचा पॅट्रिक डेंजरफिल्ड (२०१६) हेही ३५ मध्येच. मोठ्या आकड्यांत एवढी श्रीमंती दुसरीकडे क्वचितच सापडते.

सगळ्यात जड वारसा ३१ चा. रॉन बरासी थोरला मेलबर्नकडून ३१ घालून खेळला, १९४० च्या विजेत्या संघात होता, आणि १९४१ मध्ये टोब्रुकला युद्धात मारला गेला. त्याच्या मुलाला मेलबर्नकडूनच खेळता यावं म्हणून क्लबने जोर लावला आणि बापाच्या क्लबकडे मुलाला जाऊ देणारा नियम आला. मुलाने ३१ च घातला, आणि १९६५ मध्ये कार्लटनला गेला तेव्हा तोही आकडा सोबत नेला. त्याच ३१ मध्ये एसेंडनचा डस्टिन फ्लेचर आहे, १९९३ ते २०१५, बरोबर ४०० सामने, फुल-बॅक.

आपल्याकडे सचिनचा १० शार्दूल ठाकूरने २०१७ मध्ये घातला तेव्हा केवढा गहजब झाला आणि त्याला ५४ वर जावं लागलं, ते आठवत असेल. फुटीत आकडा सहसा असा कुलूपबंद करत नाहीत. तो पुढच्याला देतात आणि त्याच्याकडून अपेक्षा करतात. अपवाद दुःखाचे असतात: मेलबर्नचा ट्रॉय ब्रॉडब्रिज २००४ च्या त्सुनामीत गेला, तेव्हा क्लबने त्याचा २० दोन वर्षं कुणाला दिला नाही.

माझा संघ मांडताना सगळ्यात अडलो ते बचावात. १ ते २२ याच आकड्यांत राहायचं म्हटलं तर फुल-बॅक सोपा, स्टीफन सिल्व्हाग्नी. हाफ-बॅकला ११ चा ब्रूस डुल आणि १५ चा ल्यूक हॉज. (११ मध्ये मेलबर्नचा डब्लिनहून आलेला जिम स्टाइन्सही आहे, सलग २४४ सामने खेळलेला, पण रकमनसाठी माझ्याकडे २ चा जॉन निकल्स आहे.) एका बॅक पॉकेटमध्ये ६ चा जॉश गिब्सन ठीक. दुसऱ्यात काय करावं कळेना. आकड्यांची मर्यादा उठवली आणि लगेच माणसं दिसू लागली: ३० चा मॅथ्यू स्कार्लेट, ३१ चा फ्लेचर, ४४ चा एनराइट. चांगले बचावपटू मोठ्या आकड्यांत का सापडतात? माझा अंदाज असा की लहान आकडे मागायला जातात ते गोल करणारे आणि चेंडू मिळवणारे. फुल-बॅक आपला जो मिळाला त्यात वीस वर्षं काढतो. म्हणून १ ते २२ चा हट्ट मी सोडला. आकडा कुठलाही चालेल, फक्त एकदाच.

आणि मग पुन्हा ३ वर आलो. फॉरवर्ड पॉकेटसाठी माझ्याकडे बंटन होता. १९९६ च्या निवड समितीनेही त्याला तिथेच ठेवलं होतं. हाफ-फॉरवर्ड फ्लँकवर थोरला ॲब्लेट, सेंटर हाफ-फॉरवर्ड कॅरी, रोव्हर म्हणून १४ चा बॉब स्किल्टन. पुढे कुठेच जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती फक्त सेंटर हाफ-बॅकची. मॅथ्यूजइतका मोठा खेळाडू मी दुसरा मानत नाही, तरी कागदावर त्याचं नाव खोडलं आणि ३ समोर व्हिटन लिहिलं.